पोटात घातलेलं

दोन कालवं एकमेकांवर वाजवून पाहायची.
जिवंत असली तर दगडावर दगड, खणखणीत.
मेलेलं पोकळ बोलतं, तडा गेलेल्या भांड्यासारखं.
एकतीस वर्षं हा कान
मी केर-आव्हेलच्या खाडीवर विकत आले आहे,
डझनाच्या भावाने.

नाताळच्या आठवड्यातही वाजवली. एकेक.
गुल्व्हेन टोपल्यांत शेवाळ अंथरत होता, मी मोजत होते.
सगळी खणखणीत.

त्याआधी शाळा आजारी पडली होती.
आधी छोटी एनोरा, चित्रकलेच्या तासाला,
निळ्या रंगाच्या वाटीतच ओकली.
मग तिचा बाक, मग बाई, मग बाईंचा नवरा,
मग टेकडीवरच्या वृद्धाश्रमाचा अख्खा मजला.
दोन दिवसांचं दुखणं. कोणी मेलं नाही.
डॉक्टर रिवोआल म्हणाले, मीठ-साखरेचं पाणी प्या, हात धुवा.
सगळ्यांनी हात धुतले.
सगळ्यांनी संडासाची साखळी ओढली.
साखळी ओढली की गोष्ट संपते,
अशी आपली एक समजूत आहे.

मग चार दिवस, चार रात्री पाऊस.
सांडपाण्याच्या टाक्या काठोकाठ,
रात्री कोणीतरी झडप उघडली.
ती उघडायचीच असते, तसा नियम आहे,
नाहीतर तळघरांतून वर येतं सगळं.
गाव उताराने खाली आलं
आणि उधाणाच्या भरतीने त्याला खाडीत फिरवलं,
पाहुण्याला घर दाखवावं तसं.

कालवाला नाही म्हणता येत नाही.
तासाला घागरभर पाणी ते ओढतं, गाळतं, सोडतं,
समोर येईल ते.
त्याला ढाळ लागत नाहीत. कळ येत नाही.
एनोराची सकाळ, बाईंची रात्र,
म्हाताऱ्या फान्शने नर्सपासून लपवलेली चादर,
सगळं त्याने पोटात घातलं.
आपण म्हणतो ना, चुकलं, पोटात घाला,
तसंच.
फक्त ते विरघळवत नाही.
सांभाळून ठेवतं.

एकतीसच्या रात्री
लिंबू, काळा पाव, खारं लोणी
आणि बर्फावर मांडलेली माझी कालवं.
बांधावरून वर्षभर अबोला धरलेले दोन भाऊ
एकाच ताटातून खात होते, असं नंतर कळलं.

दोन तारखेला पहिला फोन. तुझ्या कालवांनी.
तीनला सतरा. तुझ्या. तुझ्या.
मला म्हणायचं होतं, तुमचंच.
तुमचंच तुम्हाला परत दिलं, शिंपल्यात घालून, लिंबासकट.
नाही म्हणाले.
माफ करा म्हणाले, पोटात घाला म्हणाले,
आणि पलीकडे, फोन हातात असतानाच,
कोणीतरी ओकलं.

पाचला जिल्हा कचेरीचा कागद. अठ्ठावीस दिवस विक्री बंद.
नमुने न्यायला आलेल्या पोराने सांगितलं,
कालवाच्या पोटाचा नखाएवढा तुकडा काढतात,
त्यावरून ओळखतात.
मी विचारलं, वाजवून नाही कळत?
तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला.

बंदी माणसांना असते.
ओहोटी येतेच. पिशव्या उलटाव्या लागतातच,
नाहीतर कालवं एकमेकांत वाढतात, वेडीवाकडी.
म्हणून मांड्यांपर्यंतचे बूट चढवून आम्ही दोघं जातो.
पिशवी धर, झटका दे, उलटव, पुढची.
गुल्व्हेन बोलत नाही.
त्यालाही लागलं होतं ते.
दोन रात्री बादली मी धरली
आणि साखळीही मीच ओढली.

आज दोन उचलून वाजवली. सवय.
खणखणीत.
पाणी घोट्याशी आलं तेव्हा त्याने हाक मारली.
मी आणखी दोन उचलली.